पुनरुज्जीवक शेती शिकवायची असेल, तर पहिल्या हंगामाचा धोका आधी स्वतःकडे घ्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोरेगावच्या एका कंपनीतल्या काही तरुण सहकाऱ्यांना कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी राखलेल्या पैशातून, शहापूर तालुक्यातल्या दोन-तीन गावांत भातशेतकऱ्यांना पुनरुज्जीवक, म्हणजे मातीचा कस परत आणणारी, कमी कार्बनची शेती शिकवायची आहे. दोन दिवसांची कार्यशाळा, काही व्हिडिओ आणि एक मोबाईल अ‍ॅप असा बेत आहे. कुठून सुरुवात करावी, नेमकं काय शिकवावं आणि कार्बन क्रेडिटमधून, म्हणजे हवेत जाणारा कार्बन रोखल्याचं प्रमाणपत्र विकून, शेतकऱ्यांना पैसे मिळतील का, असं त्यांनी विचारलंय.

मी मुंबईत राहते आणि ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यात बरीच वर्षं शेतीशाळा चालवत आले आहे. म्हणून सरळ सांगते. कार्यशाळेची तारीख ठरवण्याआधी अंदाजपत्रकात एक ओळ घाला: पहिल्या हंगामात उत्पन्न घटलं तर त्याची भरपाई. ही ओळ कंपनीकडून मंजूर होत नसेल, तर बाकीचा कार्यक्रम पुढच्या वर्षावर ढकलला तरी चालेल.

कारण असं. शहापूरच्या पाड्यावरच्या कुटुंबाकडे एक-दोन एकर भातखाचरं असतात, थोडी वरकस, म्हणजे उताराची हलकी, जमीन असते. पीक वर्षातून एकदाच. त्यातला बराचसा भात घरीच खाल्ला जातो. अशा माणसाला आपण सांगतो की चिखलणी करू नका, लावणी करू नका, युरिया कमी टाका. तो मान डोलावतो, जेवतो, टोपी घेतो, घरी जातो आणि जूनमध्ये नेहमीसारखीच चिखलणी करतो. मुंबईत परतलेले लोक म्हणतात, जनजागृती कमी पडली. माझा अनुभव वेगळा आहे. त्याला सगळं समजलेलं असतं. पीक हुकलं तर पुढच्या पावसाळ्यात दुकानातून तांदूळ घ्यावा लागेल, हेही त्याला समजलेलं असतं, आणि तो तांदूळ आपण घेऊन देणार नाही हे त्याला आपल्यापेक्षा लवकर कळलेलं असतं. नवीन पद्धत शिकण्याची फी शेतकरी आपल्या कोठारातून भरतो. ती फी आपण भरायची तयारी दाखवली की शिकणं सुरू होतं.

ही रक्कम ऐकायला वाटते तेवढी मोठी नाही. प्रत्येकाने फक्त दहा गुंठ्यांवर प्रयोग करायचा. समजा नेहमीचं उत्पन्न एकरी १० क्विंटल आहे, म्हणजे दहा गुंठ्यांत अडीच क्विंटल. २०२५-२६ च्या खरिपासाठी साध्या भाताची हमी किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. दहा गुंठ्यांतलं सगळंच्या सगळं पीक गेलं तरी नुकसान सहा हजारांच्या आत. तीस शेतकऱ्यांचं सगळं पीक एकाच वेळी गेलं, तरी पावणेदोन लाखांच्या आसपास. प्रत्यक्षात असं होत नाही. काहींचं थोडं घटतं, काहींचं तेवढंच येतं, काहींचं वाढतं. लोणावळ्याच्या एखाद्या निवासी शिबिरावर कंपनीचा याहून जास्त खर्च होत असेल.

भरपाई मोजायची कशी, हे आधीच ठरवून कागदावर घ्या. शेजारच्या गावाशी किंवा सरकारी सरासरीशी तुलना करू नका. त्याच शेतकऱ्याच्या त्याच खाचरांत एका बाजूला नवी पद्धत, दुसऱ्या बाजूला त्याची नेहमीची. कापणीच्या दिवशी दोन्हीकडे सारख्या मापाचे चौकोन आखायचे, सगळ्या गटासमोर कापायचे, झोडायचे, वजन करायचं. फरक निघाला तर तेवढा भात किंवा तेवढे पैसे त्याच आठवड्यात द्यायचे. लोक मुद्दाम कमी पिकवतील अशी शंका कंपनीतल्या कुणाला तरी येईलच. ज्या खाचरातला भात आपल्याच मुलांच्या ताटात जायचा आहे, ते खाचर कुणी मुद्दाम बिघडवत नाही. शिवाय वजन गावासमोर होतं.

आता काय शिकवायचं याकडे येते. इथे मुंबईत वाचलेली यादी जशीच्या तशी शहापुरात चालत नाही.

भात आणि हवामानबदल म्हटलं की पहिलं नाव मिथेनचं येतं. खाचरात पाणी साचून राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून मिथेन तयार करतात आणि तो भाताच्याच पोकळ खोडातून वर हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ पट तापदायक. यावरचा जगभर सांगितला जाणारा उपाय म्हणजे खाचर आलटून पालटून भिजवणं आणि सुकू देणं. भोकं पाडलेला पाईप मातीत रोवायचा, आतल्या पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरली की पुन्हा पाणी द्यायचं. उत्तम पद्धत आहे, पण ती पाण्याचा नळ ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी. शहापुरात जुलैमध्ये आभाळ फाटलेलं असताना खाचर सुकवणार कसं? ही पद्धत शिकवायची असेल तर उन्हाळी भाताच्या पट्ट्यात जा. कर्जत तालुक्यात टाटांच्या भिवपुरी जलविद्युत केंद्रातून सुटणारं पाणी राजनाला कालव्याने शेतात येतं आणि त्यावर उन्हाळी भात होतो. तिथे पाईप रोवून पाण्याची पाळी लांबवणं शक्य आहे आणि फायदाही ठळक दिसतो. शहापुरातली स्थिती तुम्हाला ठाऊक असावी. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं त्याच तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले कित्येक पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. मुंबईकर म्हणून तिथे काही शिकवायला जाताना ही गोष्ट मनात असू द्या. पहिल्याच बैठकीत ती तुम्हाला कुणीतरी ऐकवेल, आणि ऐकवणाऱ्याचं बरोबर असेल.

पावसाच्या भातात हवा खेळवायची ती पाणी सोडून नव्हे, जमिनीची ठेवण बदलून. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी उभं केलेलं सगुणा राईस तंत्र, ज्याला सगळे एसआरटी म्हणतात, ते याच भागात जन्मलेलं आहे आणि तुमच्या कामाचं आहे. गादीवाफे, म्हणजे सरींच्या मधले उंच वाफे, एकदाच करायचे. त्यावर लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर खड्डे पाडून बी टोकायचं. चिखलणी नाही, रोपवाटिका नाही, लावणी नाही. कापणी झाल्यावर मुळं जमिनीतच ठेवायची आणि पुढचं पीक त्याच गादीवर, न नांगरता. मुळं कुजतात, गांडुळं वाढतात, चिखलणीने मोडणारी मातीची रचना शाबूत राहते. पाणी सरीत उभं राहतं आणि गादीच्या वरच्या थरात हवा राहते.

पण शेतकऱ्याला सांगताना मिथेनपासून सुरुवात करू नका. लावणीच्या पंधरा-वीस दिवसांत मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही, हे त्याचं रोजचं दुखणं आहे. बायकांना आठ-आठ तास गुडघाभर चिखलात वाकून उभं राहावं लागतं, हे त्यांचं दुखणं आहे. एसआरटी या दोन्हींवर उत्तर देतं, म्हणून ते टिकतं. मिथेन कमी होणं हे त्याच्या पाठोपाठ येतं.

याची अवघड बाजू म्हणजे तण, आणि ती लपवून ठेवली तर दुसऱ्या वर्षी कुणी राहत नाही. चिखलणी आणि साचलेलं पाणी या दोन गोष्टी मुळात तण दाबण्यासाठीच होत्या. त्या काढल्या की तण उसळतं. मूळ तंत्रात त्यासाठी तणनाशकं धरलेली आहेत: पेरणीच्या वेळी उगवणीपूर्व आणि दोन पिकांच्या मधल्या काळात ग्लायफोसेट. पुनरुज्जीवक शेतीच्या नावाने तणनाशक फवारायचं का, यावर मुंबईतल्या बैठकांमध्ये तासन् तास वाद होतात. माझं मत असं आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात सरसकट पंप देऊन ते फवारायला लावणं कायद्यातही बसत नाही आणि माणसाच्या तब्येतीलाही बरं नाही. दुसरीकडे, पहिल्याच वर्षी एका एकरावर हाताने बेणणी करा असं सांगणं म्हणजे लावणीचे वाचलेले कष्ट त्याच बाईच्या पाठीवर पुन्हा ठेवणं. म्हणूनही दहा गुंठे. एवढ्या तुकड्यावर सरीतून कोळपं फिरवून, दोन बेणण्या करून आणि पेंढ्याचं किंवा गिरीपुष्पाच्या पाल्याचं आच्छादन टाकून तण आवरता येतं. शिकायला तेवढं पुरे आहे. पुढे एकरभर करायची वेळ येईल तेव्हा कोणता मार्ग धरायचा ते त्या गटाला स्वतः ठरवू द्या, फक्त दोन्ही मार्गांचा खर्च आणि धोका त्यांच्यासमोर उघडा ठेवा. आणखी एक: ज्या पाणथळ खाचरात पावसाळाभर गुडघाभर पाणी राहतं तिथे गादीवाफ्याचा आग्रह धरू नका. तिथे बी कुजतं.

अशा खाचरांसाठी दुसरी पद्धत आहे, आणि ती मला फार जवळची आहे: डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री. तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची, गिरीपुष्पाचा पाला खाचरात गाडायचा, नियंत्रित अंतरावर दोरीने लावणी करायची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायच्या. चौथं सूत्र हवामानाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं. कोकणच्या पावसात वरून फोकलेला युरिया पाण्याबरोबर बांधावरून खाली जातो किंवा वायू होऊन उडतो. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक आहे. गोळी खोल मातीत गेली की नत्र हळूहळू सुटतं आणि मुळांना मिळतं. इथे एक बारकावा कुणी सांगत नाही: खाचरात हवा खेळवली की मिथेन कमी होतो, पण जादा युरिया पडलेला असेल तर नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. म्हणजे गादीवाफे करायचे आणि युरिया पूर्वीसारखाच फोकायचा, यात अर्धा फायदा हातातून जातो. गादीवरही गोळी खोचता येते. दोन्ही गोष्टी एकत्रच शिकवा.

४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचा खर्च सरकार अनुदानातून उचलतं. म्हणून "युरिया वाचवा, पैसे वाचतील" हे वाक्य त्याला फारसं हलवत नाही. गोळ्यांनी भाताचा रंग सारखा राहतो, लोळण कमी होते, फेकायला दोनदा जावं लागत नाही, हे त्याला दिसतं. गोळ्या वेळेवर मिळणं ही मात्र खरी अडचण. जूनमध्ये शोधाशोध करण्यापेक्षा एप्रिलमध्येच गटाच्या नावाने मागणी नोंदवा.

राबाचा विषयही काढावा लागेल. उन्हाळ्यात पाला, कवळं, शेण, गवत पसरून दाढीची, म्हणजे रोपवाटिकेची, जागा भाजायची, ही आपल्याकडची जुनी रीत. बाहेरून आलेला माणूस धूर बघून लगेच बंदीची भाषा करतो. राब का भाजतात ते आधी ऐका: तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, पहिल्या पावसात रोप जोमाने येतं. ही तिन्ही कामं दुसऱ्या कशाने होतील हे दाखवल्याशिवाय राब सुटत नाही. तुसाची राख आणि गादीवरची रोपवाटिका यांनी बहुतेक काम होतं, तणाचं पूर्ण होत नाही. टोकणीत तर रोपवाटिकाच नसते, त्यामुळे राबाचा प्रश्नच उरत नाही, आणि रानातून पाल्याचे भारे वाहून आणण्याचे बायकांचे दिवस वाचतात. मी राबाबद्दल वाद घालत नाही. टोकणीचा तुकडा वाढला की राब आपोआप आकसतो.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल मात्र मी आग्रही आहे. दोन दिवसांची कार्यशाळा सोडून द्या आणि हंगामभराची शेतीशाळा करा. ही कल्पना १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांच्या निमित्ताने उभी राहिली. फवारून फवारून तुडतुडे वाढत होते, कारण त्यांना खाणारे कोळी आणि भुंगे आधी मरत होते. हे भाषणाने पटलं नसतं. शेतकरी दर आठवड्याला बांधावर जमले, चुडावरचे किडे मोजले, कागदावर चित्र काढलं, या आठवड्यात फवारायचं की नाही ते आपसांत ठरवलं. आपल्याकडे कृषी विभाग शेतीशाळा घेतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही ती मोठ्या प्रमाणावर झाली. तुमच्या गावचे कृषी सहायक ती पद्धत जाणतात. त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, नाहीतर एकाच गावात दोन वेगळे सल्ले जातात.

शेतीशाळेत मी भाषण जवळजवळ करतच नाही. मातीवर पाच-सहा प्रयोग करते, आणि तेही शेतकऱ्यांच्या हातून. दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा मातीत रोवायचा, मापून पाणी ओतायचं आणि जिरायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर बघायचं. एकदा नेहमीच्या खाचरात आणि एकदा बांधालगतच्या न नांगरलेल्या जागेत. दोन काचेच्या ग्लासांत पाणी घेऊन दोन ठिकाणची सुकी ढेकळं सोडायची. एक विरघळून गढूळ होतं, दुसरं शाबूत राहतं. फावड्याभर माती उकरून गांडुळं मोजायची. सुती कापडाचे तुकडे दोन ठिकाणी पुरून दीड-दोन महिन्यांनी काढायचे, जिथे माती जिवंत आहे तिथे कापड खाल्लेलं निघतं. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के आहे असं माती परीक्षणाच्या पत्रिकेत वाचून कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. ढेकूळ विरघळताना बघितल्यावर मुरबाडकडच्या एका आजींनी लगेच सांगितलं की आमच्या वरच्या खाचरात पहिल्या पावसानंतर बी का दबून जातं ते आत्ता कळलं. त्या कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या, आणि त्या दिवशी गटाला शिकवण्याचं काम त्यांनीच केलं.

जीवामृताबद्दल नेहमी विचारलं जातं. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच डाळीचं पीठ, मूठभर बांधावरची माती. एकराला एवढं पुरतं. ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांना जरूर शिकवा. पण यात नत्र फार थोडं असतं. जीवामृत टाकलं म्हणून युरिया एकदम शून्यावर आणायला सांगू नका. आधी पाला, शेणखत, कडधान्य यांतून नत्राची सोय करा आणि मग पायरीपायरीने उतरा.

शेतीशाळेत कोण बसणार, हे तुम्ही वेळ कोणती ठेवता त्यावर ठरतं. लावणी, बेणणी, बी निवडणं, पाला वाहणं ही कामं बायका करतात आणि प्रशिक्षणाच्या यादीत नावं पुरुषांची असतात, कारण सातबारा त्यांच्या नावावर. दुपारी साडेबारा ते अडीच या वेळेत, पाड्यावरच, बचत गटाच्या बैठकीला जोडून घ्या, बायका येतील. उमेद या सरकारी बचत गट अभियानाच्या कृषी सखी असतील तर त्यांनाच गटप्रमुख करा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. आणि दिवाळीनंतरचा कार्यक्रम आखताना विचारा की गावात कोण असणार आहे. भात घरात आला की कातकरी आणि इतर कित्येक आदिवासी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. डिसेंबरमध्ये तुम्ही रब्बीचं प्रशिक्षण ठेवाल आणि पाड्यावर म्हाताऱ्या माणसांखेरीज कुणी नसेल.

रब्बीचंच बोलायचं तर, भातानंतर ओलीवर वाल, हरभरा, मूग घेणं ही आपल्या भागातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. जमीन झाकलेली राहते, नत्र जमा होतं, घरात डाळ येते. मग सगळेच का घेत नाहीत? मोकाट गुरं. दिवाळीनंतर गुरं सोडून द्यायची रीत आहे, आणि एकट्या माणसाने वाल पेरला की गावभराची गुरं त्यावर. कुंपणाचा खर्च वालापेक्षा जास्त. हे एका शेतकऱ्याला शिकवून सुटत नाही. ग्रामसभेत ठराव करून, सलग खाचरांचा एक पट्टा ठरवून, त्या पट्ट्यापुरती गुरं राखायला गुराखी ठेवावा लागतो. सीएसआरचे पैसे गुराख्याच्या पगारावर खर्च करता येतात का, असं विचारून बघा. माझ्या मते अ‍ॅपवर घालवलेल्या पैशापेक्षा त्याने जास्त कार्बन जमिनीत जाईल.

वरकस जमिनीवर झाडं लावणं हा स्वतंत्र, मोठा विषय आहे. जव्हारकडे बायफ या संस्थेने आंबा-काजूच्या वाडीचं काम वर्षानुवर्षं केलंय, आणि जव्हार-मोखाडा-विक्रमगडचा मोगरा दादरच्या फुलबाजारात येतो. घराजवळ पैसा आला म्हणून स्थलांतर थांबलेली कुटुंबं तिथे भेटतील. शहापूरच्या लोकांना एकदा तिकडे घेऊन जा.

आता कार्बन क्रेडिट. मुंबईत या विषयावर फार उत्साह आहे, म्हणून आकडे मांडते. सतत पाणी साचलेल्या भातात पाण्याचं नियोजन बदललं तर, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या ढोबळ गुणकांनी, हंगामाला एकरी साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइडइतकी बचत निघते. एका टनाला समजा १,००० रुपये धरले, तर एकरी ५०० रुपये. त्यातून मोजणी, पडताळणी, नोंदणी आणि मधल्या संस्थेचा वाटा जायचा. मातीतल्या कर्बाचंही तसंच. एका एकरात वरच्या १५ सेंटिमीटर थरात अंदाजे ८०० टन माती असते; तिचा सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला तर ०.८ टन कार्बन, म्हणजे जवळपास तीन टन कार्बन डायऑक्साइड. पण एवढी वाढ व्हायला काही वर्षं लागतात, आणि एका शेतातल्या दोन टोकांच्या नमुन्यांत कधी याहून जास्त फरक असतो. शिवाय एकदा नांगर घातला की त्यातला बराचसा परत हवेत. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा आणला आहे, त्यामुळे दार उघडलंय. तरीही दोन एकरांच्या कुटुंबाला या पैशाचं आमिष दाखवून बोलावू नका. लावणीची वाचलेली मजुरी त्याच्या कित्येक पट आहे.

कुणी प्रकल्प घेऊन आलंच, तर करार मराठीत मागा. किती वर्षं बांधून घेतलंय, वाटा एकूण रकमेवर आहे की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर, पडताळणी फसली तर खर्च कोणाचा, आणि शेताच्या नोंदी कोणाच्या मालकीच्या, हे चार प्रश्न गावासमोर मोठ्याने विचारा. सातबारावर पाच भावांची नावं असतात, वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. एकाच्या अंगठ्यावर करार होऊ देऊ नका.

अ‍ॅपबद्दल एवढंच: नको. गावातल्याच एखाद्या बाईने तिच्या बोलीत, तिच्या खाचरात उभं राहून सांगितलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पुरेसा फिरतो. तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी कर्जतचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे, कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आहे, किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक आहे.

शेवटचा मुद्दा तुमच्या कंपनीच्या वर्षाचा. सीएसआरचा हिशेब मार्चला बंद होतो आणि भात जूनमध्ये पेरतात. निधी ऑगस्टमध्ये मंजूर झाला तर त्या वर्षी करण्यासारखं काही उरत नाही, आणि मग घाईघाईने जानेवारीत टोप्या वाटल्या जातात. २०२१ च्या सुधारित नियमांनी चालू प्रकल्पाची सोय केली आहे: सुरू केलेलं वर्ष सोडून पुढची तीन आर्थिक वर्षं काम चालू ठेवता येतं. त्यात बसवा, नाहीतर सुरूच करू नका, कारण गादीवाफ्याची जमीन बदललेली दिसायला दुसरा-तिसरा हंगाम लागतो. अहवालात किती जणांना प्रशिक्षण दिलं हा आकडा असेलच. त्याच्याखाली आणखी दोन आकडे लिहा: दुसऱ्या वर्षी भरपाईची हमी नसताना किती जणांनी तेच काम पुन्हा केलं, आणि दहा गुंठ्यांचे किती गुंठे झाले. फेब्रुवारीत गावं ठरवा, मार्चमध्ये ग्रामसभा, एप्रिलमध्ये मातीचे नमुने आणि गोळ्यांची मागणी, मेमध्ये गादीवाफे. आणि ऑगस्टमधल्या एखाद्या दिवशी, भात फुटव्यावर असताना, गटातल्या बायकांना आसनगावहून लोकलने कल्याण आणि तिथून नेरळला घेऊन जा. तिथले शेतकरी त्यांना तणाबद्दल जे खरं आहे ते सांगतील.